इंधनमिश्रणाचे नियमन : मोटारसायकलवरील ‘ट्यूनर’चा पूर्वेतिहास व व्यवहार

पेट्रोल इंजिनात जळते ते निव्वळ पेट्रोल नव्हे, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण होय. वजनाच्या हिशेबाने पाहता एक भाग पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ भाग हवा लागते. परंतु इंजिनाची शक्ती ह्या प्रमाणावर सर्वाधिक होत नाही. हवेचा वाटा साडेबारा ते तेरा भागांपर्यंत उतरला म्हणजे ती होते. उलटपक्षी, इंधनाची काटकसर साधावयाची असेल तर हवा १४.७ भागांहून थोडी अधिकच द्यावी लागते. तेव्हा मिश्रण कोणत्या प्रमाणात असावे, ह्या प्रश्नाचे एकच एक उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही. शक्ती हवी की काटकसर, की बाहेर पडणारा धूर स्वच्छ हवा, हे आधी ठरवावे लागते. आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यावरूनच मोटारसायकलच्या इतिहासात वेळोवेळी तंटे उपस्थित झालेले आहेत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रचारात आलेली ‘ट्यूनर’ नावाची लहानशी पेटी हा त्या तंट्यातील एक महत्त्वाचा पुरावा आहे.

कार्बोरेटरच्या काळात हा अधिकार व्यवहारतः कारागिराच्या हाती होता. सरकत्या झडपेच्या साध्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या निरनिराळ्या टप्प्यांवर निरनिराळे भाग मिश्रणावर सत्ता चालवितात. थ्रॉटल जेमतेम उघडलेले असता पायलट जेट व मिश्रणाचा स्क्रू, त्यापुढे झडपेच्या तळाचा कापीव भाग, मधल्या मोठ्या टप्प्यात सुई, आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट असा हा क्रम असून, एकाची सत्ता संपण्यापूर्वीच दुसऱ्याची सुरू झालेली असते. सुई एक खाच वर उचलली की मधला टप्पा समृद्ध होई. मेन जेट मोठे घातले की पूर्ण वेगावरील मिश्रण बदले. १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० ह्या गाडीने चार सिलिंडरांना चार कार्बोरेटर दिले, आणि हे काम चौपट झाले. शिवाय चारही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवून घेण्याचे नवे काम उत्पन्न झाले ते वेगळेच.

ह्या नियमनाची साधने कान, डोळा आणि प्लग ही होत. पूर्ण थ्रॉटलवर गाडी चालवून, त्याच स्थितीत इंजिन बंद करून, प्लग काढून पाहावयाचा. काळा काजळलेला असेल तर पेट्रोल अधिक, पांढुरका भाजलेला असेल तर कमी, आणि कॉफीच्या फिकट रंगाचा असेल तर ठीक. ही परीक्षा स्थूल होती, तरी तिचा पुरावा ज्याला त्याला आपल्या हातात धरून पाहता येई. मराठीत ‘ट्यूनिंग’ हा शब्द गॅरेजमध्ये रूढ झाला तो ह्याच काळातला. इंग्रजीत तो वाद्याच्या सुरावरून इंजिनावर आला. मराठीत वाद्याकरिता ‘जुळविणे’, ‘लावणे’ ही क्रियापदे मुबलक असताना इंजिनासाठी ती घेतली गेली नाहीत आणि परका शब्द जसाच्या तसा राहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘पिकअप’ आणि ‘एव्हरेज’ हे त्याचे सोबती. गिऱ्हाईक ह्या दोहोंपैकी एकाची तक्रार घेऊन येई आणि कारागीर बहुधा दुसऱ्याचा बळी देऊन ती दूर करी.

ह्या व्यवस्थेला पहिला छेद यंत्राने दिला नाही, कायद्याने दिला. अमेरिकेत १९७८ सालच्या मॉडेलांपासून मोटारसायकलींच्या धुरावर केंद्र सरकारची मर्यादा लागू झाली. तिचा दृश्य परिणाम असा की तेथे विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या मिश्रणाच्या स्क्रूवर पितळेचे बूच ठोकून येऊ लागले. कारखान्यात ठरलेले प्रमाण मालकाने बदलू नये हा त्याचा हेतू. बूच छिद्र पाडून उपटून काढणे ही गोष्ट कारागिरांस काही क्षणांची होती. अशा गाड्यांसाठी बदली जेट व सुया यांचे तयार संच विकणारे धंदे उभे राहिले. अमेरिकेतील डायनोजेट ही कंपनी त्यांपैकीच एक होय.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले ते ह्या पार्श्वभूमीवर. कावासाकीने १९८० साली झेड १००० मालिकेत ते बसविले. त्याचे मूळ बॉशने मोटारगाड्यांसाठी केलेल्या रचनेत होते. १९८२ मध्ये होंडाची सीएक्स ५०० टर्बो व १९८३ मध्ये बीएमडब्ल्यूची के १०० ह्या गाड्या त्यामागोमाग आल्या, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात डुकाटीने ८५१ वर वेबर-मारेल्ली पद्धती आणली. १९९५ साली हार्ले-डेव्हिडसननेही आपल्या एका गाडीवर इंजेक्शन दिले. इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी एक झडप असून तिच्यामागे पेट्रोल ठरावीक दाबाने उभे असते. दाब स्थिर असल्यामुळे झडप किती वेळ उघडी राहिली यावरच पेट्रोलाचे माप ठरते, आणि हा वेळ मिलिसेकंदांत मोजला जातो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर इंजिनाचे एक संपूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत उरकते, १२००० फेऱ्यांवर १० मिलिसेकंदांत. ह्या अवकाशात कारागिराच्या कानाला वा हाताला शिरावयास जागाच नाही.

डुकाटीच्या ज्या पद्धतीचा वर उल्लेख आला, तिचे एक वैशिष्ट्य पुढील इतिहास समजण्यास आवश्यक आहे. ती पद्धती इंजिनात शिरणारी हवा प्रत्यक्ष मोजीत नाही. थ्रॉटल किती उघडले आहे आणि इंजिन किती वेगाने फिरते आहे, एवढे दोन आकडे घेऊन ती एका कोष्टकात पाहते आणि तेथे लिहिलेला वेळ इंजेक्टरला देते. म्हणजे कारखान्यातील चाचणीच्या दिवशी जी हवा आत आली होती, तीच आजही येत आहे असे ती गृहीत धरते. मालकाने सायलेन्सर बदलला, हवेची जाळी बदलली, की हवा बदलते. कोष्टक मात्र तेच राहते. जुन्या कार्बोरेटरमध्ये वाढलेल्या हवेबरोबर थोडेफार पेट्रोल आपोआप ओढले तरी जाई. येथे ती सोयही उरली नाही. गाडी अडखळू लागली, सोडलेल्या थ्रॉटलवर फटफटू लागली, आणि उपाय करावा तर स्क्रूच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात डायनोजेटने ‘पॉवर कमांडर’ बाजारात आणले. त्याची युक्ती साधी आहे. कारखान्याच्या नियंत्रकाला ते हात लावीत नाही. नियंत्रक व इंजेक्टर यांच्यामधील तारेत ते स्वतःस जोडून घेते, नियंत्रकाने दिलेला संदेश ऐकते आणि तो थोडा लांबवून अगर आखडून पुढे पाठविते. चार मिलिसेकंदांची आज्ञा आली आणि त्या स्थितीपुढे पाच टक्के अधिक असे लिहिलेले असले, तर इंजेक्टरपर्यंत ४.२ मिलिसेकंद पोहोचतात. कारकुनाने साहेबाचा हुकूम खाली पोहोचविताना त्यात आपली दुरुस्ती घालावी आणि साहेबाला त्याची वार्ताही नसावी, असा हा प्रकार होय. त्याच्या एका प्रचलित आवृत्तीत पेटीवर तीन बटणे होती, कमी, मध्यम व अधिक वेगांसाठी. जुन्या स्क्रूची ही शेवटची आठवण म्हणावी लागेल. खरे काम मात्र संगणकावर उघडणाऱ्या कोष्टकात होई. प्रत्येक २५० फेऱ्यांना एक ओळ, आणि थ्रॉटलच्या शून्य, २, ५, १०, २०, ४०, ६०, ८० व १०० टक्क्यांना एकेक स्तंभ; १२००० फेऱ्या करणाऱ्या इंजिनासाठी चारशेहून अधिक घरे.

ही घरे भरण्याचा व्यवहार वरवर यांत्रिक दिसतो, परंतु त्यात चुकीच्या वाटा पुष्कळ आहेत. सर्वांत आधी थ्रॉटलची बंद व पूर्ण उघडी स्थिती पेटीस ओळखवून द्यावी लागते. ह्यात चूक झाली तर पाच टक्क्यांची दुरुस्ती दोन टक्क्यांच्या जागी लागू होते आणि सारे कोष्टकच एक पाऊल सरकते. पुढे कितीही कसून आकडे बदलले तरी उपयोग होत नाही. त्यानंतर गाडी डायनामोमीटरवर, म्हणजे मागच्या चाकाने फिरणाऱ्या जड रुळावर, चढवितात. नुसत्या रुळावर फक्त वेग वाढवीत नेऊन शक्ती मोजता येते. एखाद्या घरात इंजिन स्थिर धरून ठेवावयाचे तर रुळाला ब्रेक हवा. असा ब्रेक नसताना मधल्या घरांत भरलेले आकडे बहुतेक अंदाजाचेच असतात. स्थिर धरलेल्या इंजिनाच्या धुरातील उरलेला ऑक्सिजन मोजून मिश्रणाचे प्रमाण काढले जाते. मोजणी १४.० निघाली आणि १३.२ हवे असले, तर पहिल्या आकड्यास दुसऱ्याने भागावे. इंधन सुमारे सहा टक्क्यांनी वाढविले पाहिजे, हे त्यावरून निघते. गणित एवढेच. पण सायलेन्सरच्या टोकाशी धरलेली नळी कमी वेगावर बाहेरची हवाही ओढून घेते, मोजणी खोटीच विरल येते, आणि भोळा ट्यूनर त्या घरात विनाकारण पेट्रोल ओततो.

येथे आणखी एक विसंगती नोंदली पाहिजे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापला जातो तो पूर्ण थ्रॉटलवरील शक्तीचा आकडा. रस्त्यावरील माणूस मात्र आपला बहुतेक वेळ दोन ते वीस टक्क्यांच्या स्तंभांत घालवितो. ट्यूनरचा खरा गुण किंवा दोष तेथेच कळतो, आणि नेमकी तीच घरे भरण्यास सर्वाधिक वेळ लागत असल्यामुळे ती पुष्कळदा दुसऱ्या गाडीच्या तयार कोष्टकातून जशीच्या तशी उचलली जातात. ह्या कोष्टकाला इंग्रजीत ‘मॅप’ म्हणतात आणि मराठी चालकांनीही तोच शब्द घेतला. ‘नकाशा’ कोणी म्हणत नाही. तसे न म्हणण्यात एक प्रकारचा विवेक आहे, कारण नकाशा असलेल्या भूमीचा असतो, आणि हे कोष्टक इंजिनाने कसे वागावे ते सांगते.

पुढे कारखान्यांनी धुरात ऑक्सिजन सेन्सर बसविला आणि नियंत्रक स्वतःच आपली चूक तपासू लागला. हा सेन्सर १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच स्पष्ट सांगतो. स्थिर, मंद चालीत नियंत्रक त्याच्या साक्षीने मिश्रण त्या रेषेवर परत आणतो. मधल्या पेटीने पाच टक्के वाढविले की सेन्सर तक्रार करतो, आणि नियंत्रक पाच टक्के कमी करतो. यावर उपाय म्हणून सेन्सर काढून त्याच्या जागी खोटा संदेश देणारे जोड विकले जाऊ लागले. येथवर ट्यूनर कोष्टकातील उणीव भरून काढीत होता. येथून पुढे तो कारखान्याच्या साक्षीदारालाच गप्प करू लागला. हा फरक लहान नाही, आणि कायद्याचे लक्ष ह्याच प्रकाराकडे वळले.

१८ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने व न्याय खात्याने हार्ले-डेव्हिडसनशी झालेली तडजोड जाहीर केली. ‘स्क्रीमिन ईगल’ नावाचे सुमारे ३,४०,००० ट्यूनर कंपनीने २००८ पासून विकले, आणि त्यांच्यामुळे गाड्या प्रमाणित मर्यादेपेक्षा अधिक दूषित वायू सोडतात, असा सरकारचा आरोप होता. हे ट्यूनर तारेत मध्ये बसणारे नव्हते. ते नियंत्रकातील कोष्टकच बदलीत. कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर दंड देण्याचे, अशा ट्यूनरांची देशातील विक्री थांबविण्याचे आणि विक्रेत्यांकडील साठा परत घेऊन नष्ट करण्याचे मान्य केले. दोष मात्र मान्य केला नाही. हे साधन शर्यतींच्या बंद मार्गासाठीच असल्याचे तिचे म्हणणे होते. ३,४०,००० गिऱ्हाइके शर्यतीत उतरली असतील, हे मानणे कठीण आहे. तथापि दुसरीही एक बाजू आहे. दंडाखेरीज जुन्या लाकडी शेगड्या बदलण्याच्या योजनेसाठी ३० लाख डॉलर देण्याची जी अट होती, ती २०१७ मध्ये शासनानेच वगळली. हवेची भरपाई कोणत्या मापाने करावयाची, याविषयी शासनाचेही मत स्थिर नव्हते.

भारतात हा इतिहास उशिरा आणि वेगळ्या चालीने आला. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये इंजेक्शन असलेली पल्सर २२० बाजारात आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्बोरेटर लावून पुन्हा विकावयास काढली. किंमत उतरली, आणि गल्लीतील कारागिरास दुरुस्त करता येईल असे यंत्र परत आले. अमेरिकेत बूच उपटून जे मिळवावे लागले, ते येथे कारखान्यानेच काही काळ परत दिले, असे म्हणता येईल. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींवर कार्बोरेटर जवळजवळ दिसेनासा झाला. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या गॅरेजांतही ‘रीमॅप’ हा शब्द ऐकू येऊ लागला. २०२३ पासून दुचाकींच्या स्वयंनिदान पद्धतीची कसोटी अधिक कडक झाली आहे. ऑक्सिजन सेन्सरचा जोड काढून ठेवलेल्या गाडीच्या तबकडीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि तो घालविण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा त्याच कारागिराकडे येते.