ध्वनिमुद्रिकांची पाठवणी

बृहन्महाराष्ट्रातील जुनी मराठी घरे आता एकामागून एक मोकळी होत आहेत. मुले दूरदेशी स्थायिक झालेली असतात, वाडा विकावयास निघतो, आणि भांडीकुंडी, पोथ्या, तसबिरी यांची वाटणी झाल्यावर कोपऱ्यात एक जड लाकडी पेटी तेवढी उरते. ती ग्रामोफोनच्या तबकड्यांची असते. इंदूर येथील आमच्या एका दिवंगत स्नेह्यांच्या घरी हाच प्रसंग आम्ही पाहिला. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांच्या तेवढ्या तबकड्या निवडून घेतल्या आणि बाकीच्यांना रद्दीचा भाव सांगितला. ही निवड योग्य की अयोग्य, याचा निर्णय करण्यासाठी आम्हांस या वस्तूंच्या इतिहासाकडे वळावे लागले.

फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रणतज्ज्ञ १९०२ मध्ये कलकत्त्यास आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. मूळ मुद्रा तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथे छापलेल्या तबकड्या आगबोटीने इकडे येत. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीतून उच्चारी, ते परक्या कारागिरांना मुद्रा ओळखता यावी म्हणून, असे सांगतात. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाला. तबकडीस चिवटपणा देणारी लाख तर आपल्याच रानांतून गोळा होत असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस अवघी तीन मिनिटे मिळत. तासभर राग आळवणाऱ्या गवयाने त्या तीन मिनिटांत आपली विद्या कशी बसवली, हे पाहिले की आजही विस्मय वाटतो.

या यंत्राची कृपा सर्वांवर सारखी झाली नाही. बडोद्यात जन्मलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले. गैसबर्गची पेटी त्यानंतर एका वर्षाने आली. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते. त्या काळात मुद्रणाचा व्यवसाय भरभराटीस आला होता, तरी बुवांचा आवाज आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. त्यांची चीज शिष्यांच्या गळ्यांतून उतरली, पण प्रत्यक्ष स्वर हरपला तो हरपलाच. उलट अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, तरी त्यांचा स्वर आपण आजही ऐकू शकतो.

परंतु आवाज मुद्रित झाला म्हणजे तो टिकला, असे मात्र नव्हे. कंपन्यांचे लक्ष खपाकडे असे. मुंबईच्या एका कंपनीने ‘यंग इंडिया’ या नावाने १९३५ ते १९५५ या काळात तबकड्या काढल्या. कंपनी बंद पडली आणि तबकड्या घरोघरी विखुरल्या. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेच्या साहाय्याने त्यांचे संकलन व पुनर्मुद्रण झाले, ते मुख्यतः खाजगी संग्राहकांच्या कपाटांमुळे. ज्यांना आपण छांदिष्ट म्हणून हसलो, त्यांनीच हा इतिहास सांभाळला, हे मान्य केले पाहिजे.

मोठ्या नावांनाही याच आश्रयाची गरज पडते. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही याने आकाशात सोडली व त्यांवर पृथ्वीवरील संगीताची सुवर्णमुद्रिका ठेवली. तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पण निवड झाली तेव्हा केसरबाईंची ती व्हायनलची दीर्घमुद्रिका बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. ज्यांना गिऱ्हाईक मिळाले नव्हते, त्या प्रतींमुळे गोव्याच्या केरी गावचा तो सूर ताऱ्यांच्या वाटेस लागला.

म्हणूनच व्यापाऱ्याची निवड आम्हांस उलटी वाटली. बालगंधर्वांच्या पदांना रसिकांची वाण नाही. त्यांच्या तबकड्या शेकडो घरांत सापडतील. ज्यांस रद्दीचा भाव आला, त्यांत कीर्तने होती, पोवाडे होते, विनोदी संवाद होते, आणि ज्यांची नावेही आम्ही ऐकली नव्हती अशा गायिकांची पदे होती. जे कोणी निवडले नाही, तेच आधी नाहीसे होते.

संग्रहास घर शोधावयाचे तर तो अखंड द्यावा. वेष्टणावरील शिक्का, लेबलावरील क्रमांक, मधल्या गुळगुळीत भागात कोरलेली अक्षरे, यांवरून मुद्रणाचा काल ठरतो. ती पुसू नयेत. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने धुऊ नयेत, कारण त्यात लाख विरघळते. त्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. व्हायनलच्या मुद्रिका उन्हाने वाकतात. घरे अगदीच नाहीत असेही नाही. इंदूरजवळ पिगडंबर येथे लता दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे ध्वनिमुद्रिका-संग्रहालय आहे; मुंबईत १९९० पासून संग्राहकांची संस्था आहे; कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात रागसंगीताचा ध्वनिसंग्रह आहे.

आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनी व्यापाऱ्यास परत पाठविले. पेटी सध्या आमच्याकडे असून यादी करण्याचे काम चालू आहे. तळाशी स्नेह्यांची एक वही मिळाली. कोणती तबकडी कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानातून आणि किती आण्यांस घेतली, याची तीत नोंद आहे. नातीला मराठी अक्षर सहज लागत नाही, तरी ती वही पुढ्यात घेऊन बसते आणि आम्ही लेबल वाचले की त्यासमोर खूण करते. यादी पुरी होताच पेटी व वही एकत्रच जातील.