भटारखान्याची शाळा

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. पास झालेल्या मुलाबद्दल सांगताना आईबाप कॉलेजचे नाव घेतात. नापास झालेल्याबद्दल आवाज थोडा खाली आणून ‘हॉटेलात लागला’ एवढेच म्हणतात. कोणत्या हॉटेलात, कोणत्या कामावर, पुढे काय, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे हे वाक्य मी ऐकत आलो आहे आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात एक विसंगती दिसत आली आहे. ज्या धंद्याला आपण शिक्षणाचा शेवट समजतो, त्या धंद्याने माणूस घडवण्याच्या स्वतःच्या पद्धती उभ्या केल्या आहेत. हरकाम्या पोऱ्यापासून भटारखान्याच्या कारभाऱ्यापर्यंत माणूस कसा चढतो, याचा एक इतिहास आहे. तो थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

आजच्या मोठ्या हॉटेलांतील कामाची उतरंड ज्याने लावली तो ओग्युस्त एस्कॉफिये हा फ्रेंच माणूस १८४६ साली जन्मला आणि तेराव्या वर्षी नीस शहरात काकाच्या खाणावळीत कामाला लागला. म्हणजे तोही ‘हॉटेलात लागलेला’च मुलगा! १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो फौजेचा आचारी होता. सैन्यातली शिस्त त्याने तिथे पाहिली आणि १८९० साली सेझार रिट्झबरोबर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आल्यावर ती भटारखान्यात आणली. पूर्वी एकेक आचारी एक पदार्थ आरंभापासून शेवटापर्यंत करीत बसे. एस्कॉफियेने कामाचे तुकडे पाडले. एकाने अंडी, दुसऱ्याने भाजलेले मांस, तिसऱ्याने रस्सा पाहायचा. अंड्याच्या ज्या पदार्थाला एकट्या आचाऱ्याचे पाव तास मोडत, तो तिघांच्या हातून काही मिनिटांत तयार होऊ लागला. प्रत्येक विभागावर एक प्रमुख, त्यांच्यावर उपप्रमुख आणि सर्वांवर मुख्य आचारी, अशी ही रचना. शिवीगाळ आणि दारू या दोन्ही गोष्टींना त्याने भटारखान्यात बंदी घातली, हेही लक्षात ठेवण्यासारखे. पण या रचनेतून एक नवी गरज निर्माण झाली. काम वाटले गेले की ते जुळवणारा माणूस लागतो. उत्तम हात असलेला आचारी चांगला कारभारी होतोच असे नाही; ते वेगळे शिकावे लागते. १९१० साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर तंत्रशाळेत आचाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाला, त्याला एस्कॉफियेचा पाठिंबा होता.

एस्कॉफियेचा प्रसिद्ध पाकग्रंथ आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल ही दोन्ही १९०३ सालची. तोवर आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वयंपाकात गोमंतकीयांचा हात बसलेला होता. मुंबईत आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहायचे आणि बोटींवर, क्लबांत, हॉटेलांत आचारी म्हणून लागायचे, ही गोव्यातील ख्रिस्ती तरुणांची वाट होती. ताजच्या भटारखान्याचे प्रमुखपद पुढे मिगेल आर्कांजो मास्कारेन्हास या गोमंतकीयाकडे आले. ‘मास्की’ या नावाने तो ओळखला गेला. ही माणसे पाहून पाहून शिकली.

दुसरी वाट आम्हा सीमाभागातल्या लोकांना अधिक परिचयाची, उडुपीवाल्यांची. १९४२ साली माटुंगा स्टेशनजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे ए. रामा नायक हे लहानपणी मुंबईत येऊन भांडी घासण्यापासून वर चढले. या हॉटेलांतली शिडी ठरलेली असे. आधी टेबल पुसणारा, मग वाढपी, मग भट्टीवरचा मदतनीस, मग आचारी, मग कोठी सांभाळणारा आणि शेवटी गल्ल्यावर बसणारा. कोठीची किल्ली हातात येणे ही खरी पदवी. तिच्याबरोबर बाजारहाट, उधारी, नासाडीचा हिशेब आणि माणसे सांभाळणे आले. दिवसा हॉटेलात काम करायचे आणि संध्याकाळी रात्रशाळेत बसायचे, असे शिकलेले कितीतरी कानडी तरुण मुंबईने पाहिले. भटारखाना आणि शाळा यांची गाठ आपल्याकडे खरी पडली ती तिथे.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी घडल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह सक्तीचे करण्याची तरतूद केली, म्हणजे एका वेळी शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्या कारभाऱ्यांची गरज वाढली. आणि १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने मुंबईत खानपान व्यवस्थेची संस्था काढली. दादरची ही संस्था आजही नामांकित आहे. तिच्या नावात हॉटेल व्यवस्थापनाबरोबर ‘उपयोजित पोषण’ हेही शब्द आहेत. ते दिवस धान्यटंचाईचे होते. लीलावतीबाईंचे पती कन्हैयालाल मुन्शी १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्नमंत्री होते. श्रीमंतांच्या मेजवान्या सजवण्याइतकाच, आहे त्या धान्यात अनेकांना नीट जेवू घालण्याचा विचार या शिक्षणाच्या मुळाशी होता. १९८२ साली राष्ट्रीय परिषद स्थापन होऊन अशा संस्थांचा अभ्यासक्रम एका सूत्रात आला.

मात्र येथेच एक फाटा फुटला. बारावीनंतर तीन वर्षे शिकणारा पर्यवेक्षक होण्यासाठी तयार होऊ लागला आणि दहावीच्या आसपास थांबलेला फूड क्राफ्टच्या छोट्या अभ्यासक्रमातून किंवा थेट उमेदवारीतून आचारी होऊ लागला. एकाला हिशेब आला, दुसऱ्याला हात. उडुपीवाल्यांच्या शिडीत हे दोन्ही एकाच माणसात येत असत.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांकडे हात होताच. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा या बायांना आधी सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. रोज वीस-पंचवीस गिरणी कामगारांना जेवण घालणारी बाई हीच मुळात व्यवस्थापक आहे, हे त्यांनी ओळखले. मला यात शिक्षणशास्त्राचा मोठा धडा दिसतो. माणसाला जे येते तिथून सुरुवात करायची आणि जे कमी आहे तेवढे पुरवायचे.

कमी काय असते, याचे एक उदाहरण देतो. गणिताचा तास समजून वाचकांनी सोसावे. दोनशे ताटे वाढायची आहेत आणि प्रत्येक ताटात १०० ग्रॅम सोललेला बटाटा हवा. म्हणजे स्वच्छ बटाटा २० किलो. सालीत १५ टक्के जातो. मग बाजारातून आणायचा किती? बहुतेक जण २० किलोवर १५ टक्के चढवून २३ किलो सांगतात. पण २३ किलोतून १५ टक्के वजा जाता उरतात १९ किलो ५५० ग्रॅम. चार-पाच ताटे कमी पडली! वीसला ०.८५ ने भागले पाहिजे. उत्तर येते साडेतेवीस किलो. शेकडेवारीचे हे गणित आम्ही शाळेत शिकवतो, पण फळ्यावर बटाटा कधी येत नाही. गोव्याच्या एका हॉटेलात बारा वर्षे भाजी चिरणारा माझा एक जुना विद्यार्थी हे उत्तर अनुभवाने बरोबर सांगतो, पण कागदावर मांडू शकत नाही. म्हणून मागणीपत्रक लिहिणारा दुसराच असतो आणि पगारही दुसऱ्याचाच वाढतो. मराठी, कानडी, कोकणी आणि हिंदी या चारही भाषांत तो सहकाऱ्यांना सांभाळून घेतो. पर्यवेक्षकाचे अर्धे काम भाषेचेच असते. सीमाभागातल्या आमच्या मुलांकडे ते भांडवल घरचेच आहे. अडते ते हिशेबापाशी आणि कागदापाशी.

हा विषय दूरच्या हॉटेलांचा आहे असे कुणी समजू नये. १९९५ साली शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना आली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळाशाळांतून चुली पेटल्या. आता उच्च प्राथमिकच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे बी. एड. झालेला मुख्याध्यापक न शिकता मुदपाकखान्याचा कारभारी झाला! १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलातला स्वयंपाक खाऊन २३ मुले दगावली. तेलाच्या वासाबद्दल स्वयंपाकीणबाईंनी शंका काढली होती, असे नंतर पुढे आले. नाकाला कळले होते, पण त्या नाकाला थांबवण्याचा अधिकार नव्हता. आणि ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांना कोठी कशी सांभाळावी याचे शिक्षण नव्हते. कीटकनाशकाचा डबा आणि तेलाचा डबा एका छताखाली ठेवू नये, मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्यांनी चाखावे, शंका आली की भांडे उतरवावे, हे नियम साधे आहेत. पण ते पाळून घेणारा माणूस घडवावा लागतो.

२०१७ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रशिक्षणाची योजना चालवली आहे. परवानाधारक अन्नव्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा तिचा दंडक. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावा, आधी आलेला माल आधी काढावा, कच्चे आणि शिजलेले वेगळे राखावे, एवढे तरी त्यातून शिकता येते. हे प्रशिक्षण थोड्या वेळाचे असते, त्यामुळे त्यातून कारभारी घडत नाही. पण कागदाचा पहिला तुकडा हाती येतो.

तेव्हा पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी हॉटेलात लागत असेल तर आवाज खाली आणू नका. मालकाला पगार विचाराल तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. वर्षभराने हे मूल कोणत्या कामावर असेल? आणि कोठीचा हिशेब त्याला कोण शिकवील? या प्रश्नांना उत्तर मिळाले तर ती नोकरी शाळाच समजावी. उत्तर मिळाले नाही, तर शनिवारी दुपारी वही घेऊन मुलांना आमच्याकडे पाठवा. बटाट्याचे गणित शिकवायला आम्ही शिक्षक अजून गावातच आहोत.