होडीत दोन बॅटऱ्या कशासाठी? एक इंजिनाची, दुसरी बाकी सगळ्यांची

पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं उतरलं की भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात. मग सज्जा कोठीजवळ गाडी लावायची, दिवे बंद करायला विसरायचं, गड फिरून, भाजलेलं कणीस खाऊन दोन तासांनी परत यायचं आणि चावी फिरवली की नुसताच ‘टक’ आवाज. जुनी बॅटरी असेल तर ती उतरलेलीच असते. पण गडावर याला उपाय आहे. गाडी उताराला लावायची, चौघांनी धक्का द्यायचा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. गाडी सुरू.

गडाखालच्या वाघबिळावरून जाणारा हाच रस्ता पुढे आंबा घाट उतरून रत्नागिरीला समुद्राला मिळतो. तिथून, किंवा हर्णै, देवगड, मालवणहून रात्री जाळं टाकायला गेलेल्या छोट्या होडीची बॅटरी अशीच उतरली तर? समुद्रात उतार नसतो आणि धक्का मारता येत नाही. बंद पडलेली होडी एका जागी थांबतही नाही. पहाटे जमिनीकडून वाहणारा मतलई वारा तिला खोल समुद्राकडे नेतो आणि दुपारनंतर सुटणारा खारा वारा किनाऱ्याच्या खडकांकडे ढकलतो. अशा वेळी मदत मागायची तर वायरलेस आणि मोबाईल लागतो, आणि त्यांनाही वीज त्याच उतरलेल्या बॅटरीतून मिळणार असते.

यावरचा उपाय म्हणजे होडीत दोन बॅटऱ्या ठेवणं. पण दुसरी बॅटरी जास्त विजेसाठी असते, हा बहुतेकांचा समज चुकीचा आहे. पहिल्या बॅटरीला रात्रभर कुणी हात लावू नये, यासाठी दुसरी असते.

दोघींची कामं वेगळी

इंजिन सुरू करताना सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर दोन-तीन सेकंदांत शंभर-दीडशे अँपिअर ओढते. आकडा मोठा वाटतो, पण एकूण खर्च किरकोळ असतो. १५० अँपिअर तीन सेकंद ओढले, तर बॅटरीतून जेमतेम ०.१२५ अँपिअर-तास खर्च होतात. इंजिन सुरू झाल्यावर ते काही मिनिटांत भरून निघतात. प्रश्न साठ्याचा नसून जोराचा असतो. अर्धी उतरलेली बॅटरी दिवा लावेल, फोन चार्ज करेल, पण सेल्फ मारला की तिचा दाब कोसळतो. दिवा लागतोय म्हणजे इंजिनही सुरू होईल, हा अंदाज म्हणूनच फसतो.

स्टार्टिंगच्या बॅटरीत पातळ आणि जास्त प्लेट असतात. त्या एका झटक्यात भरपूर करंट देतात, पण पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरवल्या तर लवकर मरतात. दिवे, फिश फाइंडर, जीपीएस, वायरलेस, पाणी उपसायचा पंप ही मंडळी थोडा करंट ओढतात, पण तासन् तास. त्यांच्यासाठी जाड प्लेटची डीप सायकल बॅटरी लागते. घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती ट्युब्युलर बॅटरी याच जातीची. ती उंच आणि वजनदार असल्यामुळे डोलणाऱ्या छोट्या होडीत मात्र अडचणीची ठरते.

प्रत्येक होडीला याची गरज आहे का? नाही. दोरी ओढून किंवा हँडल मारून चालू होणारं लहान इंजिन असेल, तर उपकरणांपुरती एक बॅटरी पुरते. मोठ्या आऊटबोर्ड इंजिनाची गोष्ट निराळी. ते हाताने फिरवणं अवघड असतं आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचं असेल, तर दोरी ओढली तरी आतल्या पंपाला आणि कंट्रोल युनिटला वीज लागतेच.

आधी कागदावर हिशोब

दुकानात जाऊन ‘मोठ्यातली मोठी द्या’ म्हणण्याआधी एका रात्रीचा खर्च मांडावा. समजा, होडी दहा तास बाहेर आहे आणि सगळं १२ व्होल्टवर चालतं. मार्गदर्शक एलईडी दिवे अर्धा अँपिअर धरले तर ५ अँपिअर-तास. फिश फाइंडर आणि जीपीएस मिळून एक अँपिअर, म्हणजे १०. व्हीएचएफ वायरलेस नुसता ऐकत ठेवला तर थोडंच लागतं, पण बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. दोन्ही मिळून ५ धरू. जाळं ओढताना चार तास लावलेला २० वॅटचा दिवा ७ घेतो, पंप दीड आणि दोन-तीन मोबाईल ३. एकूण साडेएकतीस.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून ६३. जुनी झाल्यावर क्षमता कमी होणार, त्यासाठी थोडं वरचं धरलं की ७५ ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी होते. हे आकडे अंदाजाचे आहेत. खरे आकडे उपकरणामागच्या पट्टीवर असतात. वॅट दिले असतील तर त्यांना १२ने भागायचं.

मासे ओढून आणण्यासाठी पाण्यावर प्रखर दिवे सोडायचा विचार असेल, तर तो हिशोबात धरूच नये. एलईडी आणि कृत्रिम प्रकाशाच्या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे आणि महाराष्ट्राच्या कायद्यातही त्यावर कारवाई आहे.

वीज भरायची कुठून?

इथेच बहुतेकांची गणितं चुकतात. दुसरी बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. छोट्या आऊटबोर्डची चार्जिंग कॉइल अनेकदा सहा ते दहा अँपिअरच देते, तीही इंजिन जोरात असताना. रात्री साडेएकतीस अँपिअर-तास खर्च झाले आणि परतीचा प्रवास दीड तासाचा असेल, तर सहाच्या हिशोबाने जेमतेम नऊ परत येतात. रोज बावीस-तेवीसची तूट. दोन-तीन रात्रींत बॅटरी रिकामी, आणि दोष जातो बॅटरीच्या कंपनीला.

ही तूट भरायला बंदरावर चार्जर लावावा किंवा होडीवर सोलर पॅनेल बसवावं. उघड्या आकाशाच्या दिवसांत ५० वॅटचं पॅनेल कंट्रोलरसह दिवसाला साधारण १२-१३ अँपिअर-तास देतं. म्हणजे वरच्या हिशोबाला एक पॅनेल कमीच पडतं, दोन लागतात.

काही जुन्या इंजिनांची कॉइल एसी देते. तिच्या वायरी थेट बॅटरीला जोडायच्या नसतात, मध्ये रेक्टिफायर-रेग्युलेटर लागतो.

दोघींना जोडायचं कसं?

चार्जिंगच्या वेळी दोन्ही बॅटऱ्या एकत्र हव्यात आणि इंजिन बंद झालं की वेगळ्या. हे करण्याच्या तीन-चार पद्धती आहेत.

सर्वांत साधा म्हणजे चार खुणांचा गोल स्विच: एक, दोन, दोन्ही, बंद. तो स्वस्त असतो आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. अडचण माणसाची. जाळं ओढून थकलेला तांडेल स्विच ‘दोन्ही’वर विसरला, की सकाळी दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या. शिवाय इंजिन चालू असताना तो ‘बंद’वर गेला, तर चार्जिंगचा भाग जळू शकतो.

दुसरा मार्ग व्होल्टेजवर चालणाऱ्या रिलेचा, ज्याला बाजारात व्हीएसआर म्हणतात. इंजिन सुरू होऊन स्टार्टिंग बॅटरी साधारण १३.३ व्होल्टला पोचली की तो दुसरी बॅटरी जोडतो. इंजिन बंद होऊन व्होल्टेज १२.८च्या आसपास आलं की तोडतो. कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. छोट्या होडीला हाच उत्तम. मात्र चार्जिंग फारच अशक्त आणि दुसरी बॅटरी पार रिकामी असेल, तर रिले सारखा जोड-तोड करत टकटकत बसतो. ते ऐकू आलं की आधी किनाऱ्यावर बॅटरी भरून घ्यावी.

डायोडचा आयसोलेटरही मिळतो, पण साध्या डायोडमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त घट होते आणि बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात. तो टाळलेला बरा.

लिथियम बॅटरी हलकी असते, म्हणून आता पुष्कळांना ती हवी असते. पण लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी नुसती पडून असतानाही १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते. रिलेला वाटतं इंजिन चालूच आहे, आणि तो वेळेवर तोडत नाही. ती रिकामी असताना करंटही इतका ओढते की लहान चार्जिंग कॉइल तापते. लिथियम घ्यायचीच असेल, तर रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

रिले असला तरी तीन साधे स्विच ठेवावेत: प्रत्येक बॅटरीला एक आणि दोघींना जोडणारा तिसरा, फक्त संकटासाठी. स्टार्टिंगची बॅटरीच मेली, तर आधी तिचा स्विच बंद करायचा, मग तिसरा चालू करून दुसरीवर सेल्फ मारायचा. मेलेली तशीच जोडून ठेवली, तर ती चांगलीलाही ओढते.

वायरिंग: खारं पाणी चुका माफ करत नाही

दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह एकत्र, पॉझिटिव्ह वेगळ्या. सेल्फची जाड केबल फक्त स्टार्टिंग बॅटरीला. दिवे, फिश फाइंडर, वायरलेस सगळं दुसरीला. ‘एकच तर दिवा आहे’ म्हणून स्टार्टिंग बॅटरीवर काही जोडलं, की सगळी रचना फुकट.

अपवाद पाणी उपसायच्या पंपाचा. तोही दुसऱ्याच बॅटरीवर, पण मुख्य स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूज लावून जोडतात. होडी बंदरात उभी आहे, सगळे स्विच बंद आहेत आणि तळात पाणी भरतंय, अशा वेळी तो आपोआप चालला पाहिजे.

फ्यूज बॅटरीजवळच हवा, साधारण सात इंचांच्या आत. फ्यूज उपकरणाला नव्हे, वायरला वाचवतो. तो वायरच्या दुसऱ्या टोकाला लावला, तर मधल्या वायरची साल घासून शॉर्ट झाल्यावर फायबरच्या होडीत आग लागायला वेळ लागत नाही. रिलेच्या वायरला दोन्ही टोकांना बॅटरी असते, म्हणून फ्यूजही दोन्हीकडे.

वायर जाड घ्यावी. बॅटरीपासून पाच मीटरवर १० अँपिअरचं काही चालवायचं, तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये त्यावर पाऊण व्होल्ट जातो. ६ची घेतली, तर ०.३. घरात आठवणारही नाही एवढी ही घट १२ व्होल्टच्या वायरलेसला जाणवते. वायर बारीक तारांची, शक्यतो कल्हई केलेल्या तांब्याची हवी. एकतारी वायर इंजिनाच्या थरथरीने आतल्या आत तुटते. पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड तर एका हंगामात हिरवा पडतो. क्रिंप केलेले लग, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी आणि टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात, एवढं पुरतं.

दोन्ही बॅटऱ्या झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने घट्ट बांधून, तळातल्या पाण्याच्या वर ठेवाव्यात. लेड-ॲसिड बॅटरीत खारं पाणी शिरलं, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून पेटीला वारा हवा. आणि पेट्रोलच्या टाकीजवळ बॅटरी नको. दोघींचं मिळून वजन चाळीस किलोंच्या पुढे जातं, तेव्हा दोन्ही एकाच बाजूला ठेवल्या तर होडी कलते. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. काढताना काळी आधी.

निघण्यापूर्वी

नवी जोडणी समुद्रात नव्हे, बंदरात तपासायची. इंजिन बंद ठेवून सगळी उपकरणं दोन तास चालवावीत आणि मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या मोजाव्यात. दुसरीचं व्होल्टेज उतरलेलं दिसेल, स्टार्टिंगचं १२.६च्या आसपास जसंच्या तसं हवं. तेही उतरलं असेल, तर कुठेतरी दोघी जोडलेल्या आहेत. मग इंजिन सुरू करून दुसरीचं व्होल्टेज चढतंय का ते बघावं. पुढे रोजच्यासाठी एकच खूण ध्यानात ठेवायची: भार काढून थोडा वेळ थांबल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी.

जून-जुलैच्या बंदीत होडी किनाऱ्यावर शाकारलेली असताना बॅटऱ्या काढून, भरून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा चार्ज कराव्यात. उतरलेल्या अवस्थेत दोन महिने पडलेली बॅटरी नारळी पौर्णिमेला पुन्हा उठेलच असं नाही.

दुसऱ्या बॅटरीवरचा भार आता वाढत जाणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. इस्रोने विकसित केलेली अशी एक लाख उपकरणं किनारी राज्यांत द्यायची आहेत. मोबाईलचं नेटवर्क नसलं तरी त्यातून उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवता येतो. मात्र त्याचं नभमित्र हे ॲप मोबाईलवर चालतं, म्हणजे मोबाईल चार्ज असावा लागतो. व्हीएचएफवर संकटाची हाक चॅनेल १६ वर द्यायची. फोनला रेंज असेल, तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.