प्रवासी मोटारसायकलची नियमित देखभाल

प्रवासी मोटारसायकलची नियमित देखभाल म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलची ठरावीक अंतराने किंवा ठरावीक काळाने मालकाने स्वतः केलेली तपासणी, साफसफाई, वंगण, जुळवणी आणि झिजणाऱ्या भागांची बदली होय. इंजिन किंवा गिअरपेटी उघडून करावयाची दुरुस्ती यात मोडत नाही. गॅरेजपासून दूर असताना वाहन बंद पडू नये, तसेच ब्रेक, टायर वा साखळीच्या बिघाडामुळे अपघात होऊ नये, हे या देखभालीचे मुख्य हेतू आहेत.

देखभालीचे वेळापत्रक वाहनाच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही मापांत दिलेले असते. त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते पाळायचे असते. किनारपट्टीच्या दमट व खाऱ्या हवेत मात्र उभ्या वाहनाचीही झीज होत असल्याने तेथे किलोमीटरपेक्षा काळाचे माप अधिक महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रातील पालघर जिल्हा हे याचे चांगले उदाहरण आहे.

पालघर व बोईसर-तारापूर परिसर

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. बोईसर येथे तारापूर औद्योगिक वसाहत असून, जवळच असलेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्रातून १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती होत आहे. कारखान्यांतील पाळ्यांसाठी रोज वापरली जाणारी मोटारसायकलच अनेकदा सुट्टीच्या दिवशी प्रवासाला काढली जाते.

या जिल्ह्यात मोटारसायकलची कसोटी पाहणारे चार प्रकारचे मार्ग जवळजवळ आहेत. केळवे, सातपाटी, चिंचणी, डहाणू आणि बोर्डी ही गावे समुद्रकाठी आहेत. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर अवजड मालमोटारींची वर्दळ असते. मनोरवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर दीर्घकाळ सलग वेगाने वाहन चालवावे लागते. विक्रमगड, जव्हार व मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता घाट चढतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर या काळात जिल्ह्यात मुसळधार पाऊस पडतो.

खारी हवा आणि गंज

समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात आणि हवेतील ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे पोलाद लवकर गंजते. जेथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसवलेला असतो, तेथे दोन भिन्न धातूंच्या संपर्कामुळे झीज आणखी वाढते व बोल्ट जाम होतो. असा बोल्ट जोर लावून काढताना तुटतो किंवा त्याचे आटे जातात. विद्युत जोडण्यांतील तांब्यावर हिरवट थर चढल्याने दिवे मंद होणे, हॉर्न न वाजणे किंवा इंजिन सुरू न होणे असे दोष उद्भवतात.

यावरील उपाय साधे आहेत. किनाऱ्यावरून परतल्यानंतर वाहन गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. ते यासाठी वापरू नये. पाण्याचा जोरदार झोत चाकांच्या बेअरिंगवर, साखळीवर किंवा विद्युत जोडण्यांवर मारू नये, कारण त्याने आतील ग्रीस निघून पाणी शिरते. धुतल्यावर वाहन थोडे अंतर चालवून ब्रेक वाळवावेत. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी, तर स्टँड, पायटे व लिव्हर यांच्या खिळींना वंगण द्यावे.

इंजिन तेल

भारतातील बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, क्लच व गिअर यांना एकच तेल पुरते. क्लच तेलात बुडालेला असल्याने मोटारगाडीचे तेल वापरल्यास तो घसरू शकतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए२’ ही खूण पाहावी. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-५० यांपैकी कोणते तेल घालायचे, हे पुस्तिकेनुसार ठरते.

तेल बदलण्यापूर्वी इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करतात, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह बाहेर येते. वाहन सपाट जागी सरळ उभे करून तळाचा बोल्ट काढावा, तेल पूर्ण गळू द्यावे, फिल्टर व बोल्टचा वॉशर बदलावा आणि पुस्तिकेत दिलेल्या मापाने नवे तेल भरावे. इंजिन थोडा वेळ चालवून बंद केल्यावर पातळी पुन्हा पाहावी. तळाचा बोल्ट प्रमाणापेक्षा जास्त आवळल्याने इंजिनाच्या आवरणातील आटे जाणे ही घरच्या घरी काम करताना होणारी नेहमीची चूक आहे. ठरावीक जोर दाखवणारा टॉर्क पाना वापरल्यास ती टळते.

साखळी

साखळीची तपासणी, साफसफाई व वंगण ही कामे इंजिन बंद ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून आणि मागचे चाक हाताने फिरवूनच करावीत. चालू इंजिनावर साखळी पुसताना फडके ओढले जाऊन बोटे साखळी व दातेरी चक्राच्या मध्ये सापडतात. अशा अपघातात बोटे तुटू शकतात.

ओ-रिंग असलेली साखळी रॉकेलने किंवा साखळीसाठीच्या विशेष द्रावणाने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करतात. पेट्रोल व तारेचा ब्रश रबरी कड्यांना हानिकारक असतो. त्यानंतर गिअर तेल किंवा साखळीचे फवारा-वंगण लावून जादा तेल पुसतात. कोरड्या हवामानात सुमारे ५०० किलोमीटरनंतर हे काम करण्याचा प्रघात आहे; पावसात भिजलेल्या साखळीला त्याच दिवशी वंगण द्यावे.

साखळीचा खालच्या बाजूचा मधला झोल अनेक मोटारसायकलींसाठी २५ ते ३५ मिलिमीटर असतो. तो चाक फिरवून सर्वांत ताठ जागी मोजावा. सहप्रवासी व सामान यांच्या भाराने मागचा भाग दबला की साखळी अधिक ताणली जाते, त्यामुळे मुळातच ताठ ठेवलेली साखळी गिअरपेटीच्या बेअरिंगला इजा करते. सैल साखळी मात्र चक्रावरून उतरून मागचे चाक जाम करू शकते. जुळवणी करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात आणि नंतर मागच्या ब्रेकचा खेळ तपासावा.

टायर व ब्रेक

टायरमधील हवा, जिला बोलीत ‘पौंडात’ मोजतात, टायर थंड असताना पाहावी. सहप्रवासी व सामान असल्यास मागच्या टायरमध्ये किती जादा हवा हवी, हे पुस्तिकेत किंवा साखळीच्या आवरणावरील पट्टीवर दिलेले असते. टायरच्या खाचांमध्ये झिजेची पातळी दाखवणारे उंचवटे असतात. खाच त्यांच्या पातळीला आली की टायर बदलतात. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर टाकण्याचे काम याच खाचा करतात. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात; उदाहरणार्थ, २३२४ म्हणजे २०२४ मधील २३वा आठवडा. ट्यूबलेस टायरचे साधे पंक्चर रस्त्याकडेलाच पट्टी घालून काढता येते. ट्यूब असलेल्या आऱ्यांच्या चाकासाठी चाक उतरवण्याची तयारी लागते.

डिस्क ब्रेकचे पॅड झिजेच्या खुणेपर्यंत येण्याआधी बदलतात. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. परिणामी घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास द्रवात बुडबुडे होऊन लिव्हर निकामी होऊ शकते. म्हणून हे द्रव साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलतात. नवे पॅड बसवल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबल्याशिवाय वाहन हलवू नये. पॅड किंवा डिस्कला तेल-ग्रीस लागू देऊ नये.

विद्युत यंत्रणा आणि बदललेले तंत्रज्ञान

राजदूत, येझदी आणि जुनी बुलेट यांच्या काळात ठिणगी पाडणारे पॉइंट घासणे, कार्ब्युरेटर उघडून साफ करणे आणि प्लग बदलणे ही मालकाने शिकून घेतलेली कामे होती. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपण यंत्रणेने घेतली. तिचे दोष संगणकीय उपकरणाशिवाय ओळखणे कठीण असते. मात्र अनेक नव्या वाहनांना किक नसल्याने बॅटरीकडे लक्ष देण्याची जबाबदारी वाढली आहे. पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा दाब वाहन बंद असताना सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान दिसला नाही, तर भारण यंत्रणेत दोष असण्याची शक्यता असते. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा. जास्त क्षमतेच्या फ्यूजमुळे किंवा तारेच्या तुकड्यामुळे वायरिंग पेटू शकते.

मर्यादा

इंजिनातील अनोळखी आवाज, धूर, एबीएसचा विझत नसलेला दिवा, हॅन्डलच्या बेअरिंगमधील खेळ आणि वाकलेला फोर्क हे दोष कुशल मेकॅनिककडे सोपवावे लागतात. ब्रेकचे काम पहिल्यांदा करताना जाणत्या व्यक्तीची देखरेख आवश्यक मानली जाते. हमीच्या काळात अधिकृत सर्व्हिसिंग चुकवल्यास हमीवर परिणाम होऊ शकतो. केलेल्या कामाची तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग वहीत नोंदवल्यास पुढील कामाची वेळ समजते आणि मेकॅनिकलाही दोष शोधणे सोपे जाते.

वापरलेले तेल

वापरलेले इंजिन तेल २०१६ च्या घातक व इतर अपशिष्ट नियमांच्या कक्षेत येते. ते गटारात, शेतात किंवा खाडीत टाकल्यास पाणी व माती दूषित होते. पालघरच्या किनाऱ्यावरील मासेमारी आणि खाचरांतील भातशेती यांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. तेल बंद डब्यात साठवून, जुने तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

साहित्यात

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक १९७४ मध्ये प्रकाशित झाले. मिनेसोटा ते कॅलिफोर्निया या मोटारसायकल प्रवासाच्या निमित्ताने, स्वतःच्या वाहनाची देखभाल स्वतः करणारा निवेदक आणि ती टाळणारा त्याचा सहप्रवासी यांच्या वृत्तींतील भेदाचा त्यात विचार केला आहे.

हेही पाहा

मोटारसायकल
पालघर जिल्हा
तारापूर अणुऊर्जा केंद्र
गंज