सोन्याचा पाळणा व त्याचे कर्ते

आपल्या ज्ञातीचा सोन्याशी संबंध बागेसरी, मूस, फुंकणी व चिमटा यांच्यापासून सुरू होतो. परंतु तेच सोने आपल्या हाती येण्यापूर्वी नदीच्या वाळूतून वेगळे काढण्याची एक फार जुनी विद्या आहे, आणि तिची साधने बहुधा घरच्या घरीच तयार होत आली आहेत. त्यांपैकी एका साधनाचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे.

या विद्येचे मूळ तत्त्व अगदी साधे आहे. सोने पाण्याहून सुमारे १९ पट जड असते. सामान्य वाळू अडीच ते पावणेतीन पटच. म्हणून वाहत्या पाण्यात वाळू पुढे जाते व सोने तळाशी राहते. आपल्या दुकानांतील राख व केर धुऊन त्यातील कण काढणारा झारेकरी याच तत्त्वाचा आश्रय करतो. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील लोक छिद्रे पाडलेल्या कुंड्या व लोकरीची कातडी वापरून सोन्याचे कण धरीत, असे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने नमूद केले आहे. जर्मन पंडित अॅग्रिकोला याच्या १५५६ साली छापलेल्या खाणविद्येवरील ग्रंथात तर सोने धुण्याच्या पेट्यांची चित्रेच आहेत.

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे जेम्स मार्शल यास सोने सापडले. तो व्यवसायाने सुतार असून त्या वेळी लाकडे कापण्याची पाणगिरणी उभारीत होता. त्याच वर्षी मार्च महिन्यात, जॉर्जिया प्रांतातील सोन्याच्या कामाचा अनुभव असलेला आयझॅक हम्फ्री तेथे आला. त्याने जे यंत्र करून दाखविले, ते दिसण्यात लहान मुलाच्या पाळण्यासारखे होते.

त्याची रचना अशी: खाली फळ्यांची एक उतरती पेटी व तिच्या तळाला दोन वाकडे लाकडी पाय. वरच्या बाजूस भोके पाडलेल्या पत्र्याची चाळण, तिच्या खाली जाड कापडाचा तिरका पडदा, आणि पेटीच्या तळावर आडव्या पट्ट्या. चाळणीत माती घालून एक जण पाणी ओती व दुसरा दांडा धरून पाळणा हलवी. मोठे खडे वर राहत, चिखल वाहून जाई, व जड कण पडद्यात आणि पट्ट्यांच्या आड अडकत. फळ्या, खिळे, पत्रा व कापड एवढेच साहित्य. परंतु नुसत्या थाळीने धुण्यापेक्षा कितीतरी अधिक माती दिवसाकाठी निघे.

कॅलिफोर्नियात गेलेला एडवर्ड हारग्रेव्हज जानेवारी १८५१ मध्ये सिडनीस परतला. १२ फेब्रुवारी १८५१ रोजी जॉन लिस्टर या तरुणास वाटाड्या घेऊन त्याने लुईस पाँड्स ओढ्यात सोन्याचे काही कण काढले. नंतर लिस्टर व टॉम बंधू यांना पाळणा करण्याची रीत सांगून तो निघून गेला. विल्यम टॉम याने तो पाळणा प्रत्यक्ष बांधला, आणि एप्रिलमध्ये त्याने व लिस्टरने चार औंस, म्हणजे सुमारे साडेदहा तोळे, सोने मिळविले. कष्टाचे मोल निघेल इतके सोने त्या देशात आहे, हे यावरून सिद्ध झाले. हारग्रेव्हजला मात्र सरकारकडून १०,००० पौंडांचे पारितोषिक व सर्व कीर्ती लाभली. या तरुणांच्या वाट्याला पुढे १,००० पौंड आले. त्यांनी आपली तक्रार सोडली नाही. अखेरीस १८९० साली न्यू साउथ वेल्स विधिमंडळाच्या समितीने लिस्टर व विल्यम टॉम हेच पहिले शोधक होत, असा निर्णय दिला. लिस्टर त्याच वर्षी वारला.

रीत सांगणाऱ्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु फळी तासून खिळा ठोकणाऱ्याचे नाव कागदोपत्री येण्यास एकोणचाळीस वर्षे लागावीत, ही गोष्ट कारागिरांच्या ज्ञातीने विसरू नये. आपल्याही घरोघरी वडिलार्जित हत्यारे, साचे व ठसे आहेत. ते कोणी घडविले, कोणत्या गावी व कोणत्या कामासाठी, हे सांगू शकणारी वृद्ध माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. प्रत्येक कुटुंबाने अशी माहिती लिहून या वार्षिक अंकाकडे पाठविली, तर पुढील पिढीस ती कोणत्याही समितीची वाट न पाहता मिळेल.