खर्जाची तार

मंडळी, तुमच्या शाळेत किंवा देवळात एखादा जुना तंबोरा भिंतीशी उभा असेल. त्याची चौथी, जाड पितळी तार जरा छेडून पाहा. ही खर्जाची तार. बाकीच्या तिघींना पाया तिचाच.

हा तंबोरा बहुधा आपल्या मिरजेचा. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. १८१८ साली मराठेशाही बुडाली, हत्यारांना गिऱ्हाईक उरेना. मग १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि लोखंड घासणारा तोच हात! पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस येऊन राहिले. १९३७ साली ते वारले. त्यांची कबरही तिथल्याच दर्ग्यात आहे.

पण तार नुसती जाड असून भागत नाही. घोडीचा माथा तारेखाली किंचित उतरता घासावा लागतो, ही जवारी. त्यावर सुती दोरा नेमका सरकवला की तार गुंजू लागते. वापरून वापरून तार घोडीत रुतते, आणि आवाज बसतो. कुणाला उघडी जवारी आवडते, कुणाला बंद. तो वाद मिटायचा नाही. मात्र ती काढणारा हात पुस्तकातून येत नाही, बापाशेजारी बसूनच येतो. आणि यंत्राचा तंबोरा तर कळ दाबताच वाजतो!

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले. हात राखायचा आहे. गुरुजी, साताऱ्याकडून आगगाडी थेट मिरजेस जाते. तो मुका तंबोरा एकदा घेऊन जा, आणि मुलांनाही बरोबर न्या.