मुंबई ते लंडन: विमानाने किती अंतर, किती तास?

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, म्हणजेच जेट स्ट्रीम, जाताना समोरून येतात आणि परतताना विमानाला मागून ढकलतात.

खरा गोंधळ होतो तो तिकिटावरच्या वेळांनी. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या शहरातली असते. दुपारी २ वाजता मुंबईहून निघालेले विमान साडेनऊ तासांनी लंडनला उतरते, तेव्हा हिवाळ्यात तिथे संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. कागदावर चारच तास! कारण लंडन हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर हा फरक साडेचार तासांचा होतो.

परतीला उलट. हिवाळ्यात रात्री साडेनऊला लंडन सोडले आणि नऊ तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२ वाजतात. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी छोटासा '+१' दिसतो, तो हाच दुसरा दिवस. आई-बाबांना घ्यायला विमानतळावर जाणार असाल तर आधी तो बघा. नाहीतर बरोबर वेळेवर, पण एक दिवस आधीच पोहोचाल.